चारचं रीडिंग

तीनच्या रकान्यात तुमचं अक्षर आहे, भुवड.
ट्रान्सफॉर्मर एक : तेल एकसष्ट, वाइंडिंग अडुसष्ट.
आबलोली फीडर : ब्याण्णव अँपिअर.
शेरा : आवाज नेहमीचा.
चारचा रकाना कोरा.

साहेब म्हणाले, परकार बाई, कोरं चालत नाही,
मागचंपुढचं बघून भरून टाका.
भरलं मी.
तेल साठ. ब्याण्णवचे अठ्ठ्याऐंशी.
तसं खोटं नव्हतं ते. यंत्रं चालूच होती
तेवढा तासभर.

सड्यावरचं हे आपलं सबस्टेशन.
खाली शृंगारतळीचे दिवे. समुद्र इथून दिसत नाही,
पण रोज इन्सुलेटरवर मीठ ठेवून जातो.
दमट रात्री डिस्का तडतडायच्या
आणि तुम्ही म्हणायचात,
"वरती कोन चणं भाजतंय गो, परकार?"

तुमची खुर्ची खिडकीपाशी, केबल ट्रेंचच्या झाकणावर.
वारा तिथेच लागतो.
जुना जाड कॉम्प्युटर होता ना,
त्याचा पडदा त्या जागी सारखा थरथरायचा,
अक्षरं ताप भरल्यासारखी कापायची.
इंजिनिअर आला, हसला,
म्हणाला खालून केबली गेल्यात, चुंबकीय क्षेत्र आहे,
आणि कॉम्प्युटर उचलून पलीकडच्या टेबलावर ठेवला.
पडदा शांत झाला.
खुर्चीचं कुणी काही बोललं नाही.
तुम्हीही नाही.
तुम्ही पुढची अकरा वर्षं बसलात.

डॉक्टरांच्या कागदावर विडी आहे,
रात्रपाळी आहे, वडील बावन्नाव्या वर्षी गेले ते आहे,
तळलेला बांगडासुद्धा आहे.
सगळं खरंच आहे.
लांबच्या कुठल्या देशात म्हणे
विजेवर काम करणाऱ्यांची मोजणी झाली.
कुणाला त्यात काळीज सापडलं, कुणाला नाही सापडलं.
मी लॉगशीट भरणारी बाई.
जे काट्यावर दिसतं तेच लिहिते.

मग मीटरवाला आला रत्नागिरीहून.
दुधाच्या पिशवीएवढं यंत्र त्यानं खुर्चीवर ठेवलं,
जिथे तुमची छाती यायची तिथे धरलं.
आकडा चढला, थांबला.
"मर्यादेच्या आत आहे," तो म्हणाला.
सुगंधावहिनी फॉर्मवर सही करायला आल्या होत्या,
दारातच उभ्या, चप्पल बाहेर काढून.
त्यांनी विचारलं,
"ती मर्यादा कुनाच्या छातीवरनं मापली?"
तो यंत्राचं बटण शोधत राहिला.
साहेबांनी चहा मागवला.

गेल्या गुरुवारी मीही काढून आले कार्डिओग्राम,
गुहागरला, सरकारी दवाखान्यात.
रेघेवर बारीक दाते आले. करवतीसारखे, एकसारखे.
मी हात घट्ट धरला माझाच.
ती पोरगी म्हणाली, "घाबरू नका मॅडम,
हे तुमचं नाही, लाइटीचं येतंय."
तिनं पंखा बंद केला, मग ट्यूब.
रेघ स्वच्छ झाली.
"सेकंदाला पन्नास ना?" मी विचारलं.
"तुम्हाला कसं माहीत?"

कसं सांगू तिला.
घरी उशी कानाखाली घेतली तरी ऐकू येतं ते.
सुट्टीच्या दिवशी ऐकू आलं नाही
तर जाग येते.

खुर्ची मी सरकवली, भुवड.
दोन हात आत, भिंतीकडे.
झाकणावर चार पायांचे चार डाग राहिलेत,
पुसले तरी जात नाहीत.
इथे उकडतं. कागद दंडाला चिकटतात.
आणि रोज सकाळी सहाला
पाळी संपवून तो नवा पोरगा जातो, कदम,
तेव्हा खुर्ची परत खिडकीपाशी असते.
मी काही बोलत नाही.
म्हणजे आजवर बोलले नाही.

त्याची लॉगशीट वाचते.
तेल एकसष्ट.
आवाज नेहमीचा.
पेन उघडते, खुर्ची ओढते,
आणि त्याच्या नंबराची पहिली पाच अक्षरं
फोनवर दाबून थांबते.